तळघरातला गिअर

पनासकाकाच्या हातून दुरुस्त झालेली गाडी यार्डाच्या फाटकाबाहेर न्यायची असेल, तर आधी बाकावर बसावं लागे. बाक म्हणजे कुठल्याशा जळक्या चिलखती गाडीतली सीट, खाली विटा लावून भिंतीशी टेकवलेली. लांबच्या वाटेला निघताना जाणाऱ्याने आणि राहणाऱ्यांनी क्षणभर गप्प बसायचं, मग उठून चालू पडायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. शहरातली पोरं हल्ली विसरतात. पनासकाका विसरू देत नसे. आघाडीवरचा ड्रायव्हर कितीही घाईत असो, "बस रे आधी," म्हणून त्याला दंडाला धरून बसवायचा, स्वतः शेजारी टेकायचा, आणि मगच फाटक उघडायला उठायचा.

आमचं यार्ड म्हणजे पूर्वीचं ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रं दुरुस्त करायचं केंद्र, पोल्तावाच्या पुढे, सूर्यफुलांच्या शेतांत. पनासने सगळी नोकरी तिथेच काढली, मीही त्याच्या शेजारीच. त्याआधी ऐन तारुण्यात तो सोव्हिएत फौजेत होता, पूर्व जर्मनीत, रणगाड्यांचा मेकॅनिक. पलीकडे युरोपवाल्यांच्या गाड्या उभ्या आहेत, त्या चालून आल्या की काय करायचं, हे तिथे त्याच्याकडून रोज सकाळी घोकून घेत. त्या गाड्या शेवटी आल्या, पण तो म्हातारपणाला टेकल्यावर, त्याच्याच अंगणात, आणि त्या त्याने नीट करून द्यायच्या होत्या. पहिल्या गाडीच्या पोलादावर थाप मारून तो म्हणाला होता, "किती वाट बघायला लावलीस गं बाई!" आम्ही पोट धरधरून हसलो होतो. तेव्हा हसू यायचं.

युरोपने गाड्या दिल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. दिल्या. पण कशा, तर लग्नात आहेराची भांडी येतात तशा. या देशाच्या चार, त्या देशाच्या सात, आणि एकाचं झाकण दुसऱ्यावर बसेल तर शपथ. एकीचे नट इंचात, दुसरीचे मिलिमीटरमध्ये. एका सरकारने तर आपल्या जुन्या गाड्या भंगाराच्या भावात एका व्यापाऱ्याला विकून टाकल्या होत्या. इथे लढाई पेटताच त्याच गाड्या त्याच व्यापाऱ्याकडून अव्वाच्या सव्वा किमतीला परत घेऊन आम्हाला भेट म्हणून पाठवल्या. वर समारंभ केला, फोटो काढले. गाडीबरोबर करार यायचा. त्यात लिहिलेलं असायचं की अमुक भाग तुम्ही इथे उघडायचा नाही, बिघडला तर अख्खा काढून मूळ देशात पाठवायचा. तिथे समिती बघणार, मग कंपनी बघणार, मग सह्या. आमच्याकडे पानं गळून बर्फ पडून तो वितळला तरी त्या सह्या चालूच असायच्या. त्यामुळे "पार्ट अजून आला नाही" हे आमच्या यार्डातलं असं वाक्य होतं, की त्यावर कुणी कधी शंका घेतली नाही. पुढे जे झालं ते या एका वाक्यामुळे झालं.

पनासला एकच मुलगा, ओस्ताप. तोही चिलखती गाडीचाच ड्रायव्हर. त्याची गाडी म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर चालणारी जुनी बुटकी पेटी. तिचं काम साधं होतं. पोरांना पुढच्या खंदकांपर्यंत न्यायचं आणि जखमींना मागे आणायचं. पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं मावशी, कारण ती सारखी कुरकुरायची आणि तरी सगळ्यांना पोटात घ्यायची. मावशीवर ओस्तापच्या जोडीला दमियान नावाचा पोरगा होता. त्याने एकदा एका मुलीला मागणी घातली आणि तिने रीतीप्रमाणे नकाराचा भोपळा त्याच्या हातात ठेवला. दुसऱ्याने ही गोष्ट जन्मात कुणाला सांगितली नसती. याने तो भोपळा पलटणीत आणून सगळ्यांना त्याची लापशी करून खायला घातली, तेव्हापासून तो भोपळ्या.

शरदातल्या चिखलात मावशीचा उजवीकडचा गिअर गेला. इंजिनाची ताकद पट्ट्याच्या दातेरी चाकाला पोचवणारा हा गिअर, तो गेला की गाडी जागच्या जागी गोल फिरते, दुसरं काही करत नाही. ट्रेलरवर घालून तिला दुरुस्तीला पाठवलं आणि नशिबाने ती आमच्याच यार्डात आली. नियम असा, की गाडी जिथे, ड्रायव्हर तिथे. यार्डापासून पनासचं घर सायकलवरून जाण्याइतकं. तेव्हा ओस्ताप घरी राहायला आला.

त्याची आई राईसा. तिने त्याला दारात बघितलं आणि पहिलं वाक्य काय, तर "बूट बाहेर काढ, आताच फरशी पुसलीय." मग आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. ओस्ताप जेवला, झोपला, उठून पुन्हा जेवला. झोपेत त्याचे पाय पॅडल दाबल्यासारखे हलायचे. राईसा भरदुपारी त्याच्या पलंगाशी बसून ते पाय हाताने धरून ठेवायची. पनासने दारातून ते पाहिलं.

गिअरची मागणी वर गेली. उत्तर आलं: विचाराधीन. पनासने ते अपेक्षित धरलं होतं. पण लेस्या नावाची एक बाई होती, दाताच्या डॉक्टरची बायको, जुनी व्हॅन घेऊन युरोपभर हिंडायची आणि मिळेल ते घेऊन यायची. डायपर, मेणबत्त्या, मोजे, क्वचित इंजिनसुद्धा. तिला कुठल्याशा देशात एक हौशी म्हातारा सापडला. तो जुन्या फौजी गाड्या कोठारात जपून ठेवायचा आणि सुटीच्या दिवशी नातवंडांना त्यातून फिरवायचा. त्याच्याकडे अगदी तसाच गिअर होता, ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला, कधी न वापरलेला. लेस्याने त्याच्यापुढे रडून घेतलं, त्याच्या बायकोपुढेही रडून घेतलं, आणि गिअर आणला.

ती आली तेव्हा यार्डात जेवणाची सुट्टी होती. फाटकाशी पनास एकटाच होता.

"काका, ओळखा काय आणलंय!" तिने मागचं दार उघडलं. "तुमच्या ओस्तापच्या मावशीचं गुडघेदुखीचं औषध. आता चहा नको, मला पुढे खार्कीवला जायचंय. पण बसवल्यावर कळवा हं, त्या म्हाताऱ्याला फोटो पाठवायचाय."

"कळवतो," पनास म्हणाला.

दोघांनी मिळून तो हातगाडीवर उतरवला. लेस्याची व्हॅन वळणाआड गेली. पनास बराच वेळ त्या हातगाडीचा दांडा धरून उभा राहिला. आत शेडमध्ये पोरं हसत होती, त्यात ओस्तापचं हसणं त्याला वेगळं ऐकू आलं. मग त्याने हातगाडीवर ताडपत्री टाकली, आपल्या जुन्या मोटारीपर्यंत ढकलत नेली, आणि तो गिअर कसाबसा डिकीत चढवला. कंबरेत चमक भरली ती कायमची.

रविवारी ओस्तापचा वाढदिवस होता. तेवढा होऊ दे, मग सोमवारी नेऊन बसवू, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते खरंच होतं. माणूस एका रविवारापुरतंच खोटं बोलायला निघतो.

सोमवारी त्याने दुसरी गाडी घेतली. मंगळवारी तिसरी. घराच्या तळघरात बटाट्यांच्या ढिगामागे गिअर पडून होता. एका सकाळी राईसा खारवलेल्या काकड्या आणायला खाली गेली आणि वर यायला तिला फार वेळ लागला. पनास जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. खालून कोबीचं पिंप ओढल्याचा घरघर आवाज आला. ती वर आली, हात पुसले, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बटाट्यांमागचं सगळं दिसत होतं. पिंप पुढे सरकवलंय. आणि खाली जायचं असेल तर मला सांगत जा, ओस्तापला पाठवू नका."

एवढंच. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात ती दोघं इतकी एकमताची कधी नव्हती.

तिकडे आघाडीवर मावशी नाही म्हणून काम थोडंच थांबणार होतं. भोपळ्याला एक व्हॅन दिली. तीही युरोपातूनच आलेली, पूर्वी कुठल्याशा बेकरीची. तिच्या अंगावर अजून पावांचं चित्र होतं. पत्रा इतका पातळ, की आतून बोट मारलं तर बाहेर ऐकू येई. भोपळ्या दर एक-दोन दिवसांनी ओस्तापला फोन करायचा, आणि ओस्ताप ग्रीसने माखलेला असला की फोन पनास धरायचा. पडद्यावर भोपळ्याचं गोल तोंड दिसायचं, मागे पाव.

"काका, मावशी काय म्हणतेय?"

"बसलीय पाय वर करून."

"तिला म्हणावं भाचे पाव विकून पोट भरतायत. परवा एक म्हातारी व्हॅनमागे धावत आली हो, खरंच! म्हणे काळा पाव आहे का? मी म्हटलं, आजी, काळं आहे ते आमचं नशीब, देऊ का अर्धा किलो?"

ओस्ताप मागून ओरडला, "म्हातारीला तरी मागणी घालायचीस!"

"घातली. तीही म्हणाली, विचार करून सांगते." मग भोपळ्याचा आवाज थोडा उतरला. "नाही पण, काका, खरं सांगा. पार्टचं काय? आता झाडांची पानं गेली हो. रस्ता वरून सगळा उघडा पडलाय. ड्रोन आले की या डबड्यात काही खरं नाही."

फोन पनासच्या हातात होता. त्या पोराचे डोळे सरळ त्याच्या डोळ्यांत होते.

"अरे, युरोपात सह्या चालल्यात," पनास म्हणाला. "पेनातली शाई संपली असेल त्यांच्या."

भोपळ्या खदखदून हसला. "शाई मी पाठवतो म्हणावं!"

ओस्तापही हसला. पनासने फोन त्याच्या हातात दिला आणि तो दुसऱ्या गाडीखाली शिरला.

मी त्याला शिव्या घालाव्यात असं तुम्हाला वाटत असेल. मी घातल्यात, मनातल्या मनात, पुष्कळ. पण माझा मुलगा त्या वेळी पोलंडमध्ये टाइल्स बसवत होता आणि सुरक्षित होता, त्यामुळे माझ्या शिव्यांना काही वजन नाही.

बातमी आली ती सकाळच्या चहाच्या वेळेला. बेकरीची व्हॅन दोन जखमींना घेऊन परत येत होती. वरून ड्रोन आला. तिघांतलं कुणी राहिलं नाही. ओस्तापने फोन ठेवला आणि तो मावशीच्या उघड्या पोटाशी, जिथे गिअर नव्हता त्या भोकाशी, डोकं टेकून बसला. रडला नाही. "पार्ट आला असता तर," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "बाबा, नुसता एक पार्ट हो. ते हरामखोर नुसता एक पार्ट पाठवू शकले नाहीत."

पनास त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेला आणि तो हात हवेतच राहिला.

भोपळ्याला त्याच्या गावी आणलं तेव्हा आम्ही सगळे गेलो. शवपेटी घेऊन गाडी येते तेव्हा आमच्याकडे लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना गुडघे टेकून बसतात. पनासही बसला, चिखलात. गाडी पुढे गेली, लोक उठले, गुडघे झटकले. पनास उठेना. दोघांनी धरून त्याला उभं केलं. कंबर धरलीय, असं राईसा लोकांना सांगत होती. भोपळ्याच्या आईने येऊन पनासचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार होता, भाऊ. त्यांनी पाठवलाच नाही तर." या बाईचे हात शेतात काम करून खरखरीत झालेले होते, आणि पनासला ते सोडवून घेता येईनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिअर यार्डात होता. "आला," पनास म्हणाला. कुणी विचारलं नाही कधी आला, कसा आला. आमच्याकडे पार्ट असाच यायचा, माणूस गेल्यावर. बापलेक मिळून तो बसवायला लागले. ओस्ताप खालून टेकू देत होता, पनास बोल्ट आवळत होता. दोघांचे हात एकमेकांच्या हातांना लागत होते आणि काम सुरेख चाललं होतं. गिअर जागेवर बसला तेव्हा टक् असा आवाज आला आणि ओस्ताप म्हणाला, "नवाकोरा आहे, बाबा." कित्येक दिवसांत तो पहिल्यांदा धड बोलला होता.

आणि त्याच दिवशी लेस्या यायची होती.

तिला भोपळ्याचं काही माहीत नव्हतं. मोज्यांचे गठ्ठे घेऊन ती शेडमध्ये शिरली, मावशीच्या उजव्या अंगाला वाकून बघितलं आणि लटक्या रागाने म्हणाली, "हे काय! आत्ता बसवताय? काका, मी हा आणून दिला तेव्हा लोक बटाटे काढत होते. तो म्हातारा रोज फोटो मागतोय माझ्याकडे."

पान्याचा आवाज थांबला. लेस्या आमच्या तोंडांकडे बघत राहिली. तिला वाटलं आपण भलतंच काहीतरी बोललो. भलतं काही नव्हतं.

ओस्ताप गाडीखालून बाहेर आला. हात पुसले. अगदी सावकाश.

"कुठे होता?"

"तळघरात," पनास म्हणाला.

"आईला माहीत होतं?"

पनासने हातातला पाना खाली ठेवला.

"म्हणून मला काकड्या आणू देत नव्हती." त्याने मान हलवली, जणू एखादा साधा हिशोब जुळला. "बाबा, त्याने तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही फोन हातात धरून त्याच्या तोंडावर सांगितलंत. वर विनोद केलात. मीही हसलो."

"ओस्ताप, तू एकुलता एक आहेस मला."

"तोही एकुलता एकच होता."

गाडी लवकर दुरुस्त केली असती तर त्या उघड्या रस्त्यावर त्याचा ओस्ताप गेला असता. उशिरा केली तर दुसऱ्याचा पोरगा गेला. कुणाचंच पोर जाणार नाही असा पाना त्याच्या पेटीत नव्हता, आणि कुठल्या देशाच्या करारातही नव्हता.

ओस्तापने उरलेले बोल्ट स्वतः आवळले. इंजिन सुरू केलं, मावशी कुरकुरली, पट्टे फिरले. घरी जाऊन त्याने आपली पिशवी आणली. राईसा त्याच्या मागोमाग ओढणी न घेता तशीच धावत आली होती, हातात डब्यातले वारेनिकी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, अजून वाफ येणाऱ्या. तिने डबा गाडीत ठेवला. त्याने तो काढून तिच्या हातात परत दिला नाही, एवढं एक तिच्या वाट्याला आलं.

पनास बाकावर जाऊन बसला. शेजारची जागा त्याने हाताने पुसली. राईसा त्याच्या पलीकडे बसली. मग आम्हीही जिथे होतो तिथेच टेकलो, कुणी टायरवर, कुणी पेटीवर. सगळं यार्ड गप्प झालं. ओस्ताप गाडीवर चढला.

"बस रे आधी," पनास म्हणाला. हळूच, पण ऐकू गेलं.

ओस्ताप आत उतरला आणि झाकण लावून घेतलं. फाटक बंद होतं. मावशी फाटकापाशी जाऊन घरघरत उभी राहिली. शेवटी मीच उठून ते उघडलं. दुसरं कोण उघडणार होतं?

त्याने हिवाळाभर घरी फोन केला नाही. राईसाला पलटणीतल्या दुसऱ्या कुणाकडून कळायचं, ठीक आहे, खातो, झोपतो. तळघरातलं पिंप तिने मूळ जागी सरकवलं. पनास सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा आणि झपाटल्यासारखा काम करायचा. गाडी आली की उघडली, उघडली की मिटली. एका गाडीचं आतडं काढून दुसरीत घालायचा, इंचाचा नट मिलिमीटरच्या बोल्टावर बसवायचा, करार ठेवले गुंडाळून. वरिष्ठ खूश होते. ड्रायव्हर बाकावर बसायचे आणि जायचे. त्यांतले काही परत आले.

मार्चमध्ये, बर्फ विरघळून रस्ते पुन्हा चिखलाचे झाले तेव्हा, ओस्ताप गेला. गाडीत मागे बसलेल्या सहाजणांना तो मागे आणून सोडू शकला, ते जिवंत आहेत. त्याची शवपेटी आली तेव्हा लोक गुडघ्यांवर बसले, आणि भोपळ्याची आई राईसाशेजारी बसली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. आम्ही कुणी सांगणारही नाही.

मावशी त्यानंतर ट्रेलरवरून आली. डावी बाजू वितळून गेलेली. अशा गाडीतलं जे धड असेल ते काढून घ्यायचं, हे आमचं नेहमीचं काम. वरिष्ठ म्हणाले, "पनासकाका, ही दुसरे करतील. तुम्ही घरी जा." तो गेला नाही. पाना घेतला आणि उजवीकडे वाकला.

गिअर शाबूत होता. एक ओरखडासुद्धा नाही.

शेडच्या तोंडाशी एक अनोळखी ड्रायव्हर उभा होता, कोवळा, कानाला पट्टी बांधलेला. त्याचीही तशीच पेटी, तसाच उजवा गिअर गेलेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की ही गाडी कुणाची.

"काका, हा आमच्या गाडीला बसेल का? लवकर झालं तर बरं हो. आमची पोरं पायी चाललीत."

पनासने गिअरवरची काजळी हाताने पुसली. पुसत राहिला. आम्ही कामं थांबवली होती.

"बसेल," तो म्हणाला. "दुपारपर्यंत देतो."

दुपारी दिला. तो पोरगा रीतीचा होता, न सांगता बाकावर जाऊन टेकला आणि शेजारची जागा पनाससाठी मोकळी ठेवली. पनास बसला. मग पोरगा उठला, "येतो, काका," म्हणाला, गाडीवर चढला आणि फाटकापाशी जाऊन थांबला.

पनास बाकावरच बसून राहिला. फाटक मी उघडलं.